मोहाडीच्या विहिरीतल्या "अळ्या": नाशिकच्या दगडात प्राणी का सापडत नाहीत?

द्राक्षबागवाला

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात मोहाडीजवळ आमची बाग आहे. यंदा एप्रिलमध्ये विहीर पंधरा फूट आणखी खाली नेली, आता पन्नास फूट झाली. सुरुंगानं जो माल वर आला त्यात दोन दगड वेगळे निघाले.

एका काळ्या दगडात पांढऱ्या नळ्या आहेत. पेन्सिलीएवढ्या जाड, बोटभर लांब, एकाशेजारी एक अशा दहा-बारा, आणि सगळ्यांची टोकं एकाच बाजूला वाकलेली. दुसरा दगड फटीत दुभंगला तर आतल्या तोंडावर नेच्याचं पान उमटल्यासारखी काळी नक्षी.

मुलगी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे ठेवायचं ठरलंय. सर म्हणाले नळ्या म्हणजे अळ्यांचे जीवाश्म, आणि दुसरा पानाचा ठसा. पुठ्ठ्यावर लेबलंसुद्धा लिहून झाली. माझा धाकटा भाऊ म्हणतो, "आपला काळा फत्तर म्हणजे लाव्हा ना? मग त्यात अळ्या काय भाजायला गेल्या होत्या?" तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात.

आणि मुलीचे दोन प्रश्न, ज्यांची उत्तरं मला देता आली नाहीत. पहिला: डायनासोर गुजरातेत सापडतात, चंद्रपूरकडे सापडतात, मग नाशिकला काय नाक्यावर अडवलं होतं का त्यांना? दुसरा: चार हाडं सापडल्यावर "आधी मासे, मग बेडूक, मग सरडे" हा क्रम माणसं एवढ्या खात्रीनं कशी सांगतात? बघायला कोण होतं?

गंगाघाट_७२

कार्बन डेटिंग करून घ्या भो, लगेच कळेल किती कोटी वर्षांचं ते. आणि कुणाला फुकट देऊ नका. मी मागे एका प्रदर्शनात डायनासोरचं अंडं घेतलंय अडीच हजाराला, आज त्याची किंमत विचारू नका.

विहीरमास्तर

द्राक्षबागवाले, तुमच्या भावाला माझ्याकडून एक चहा.

मी भूजलाच्या सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढली. कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी, सिन्नर, या जिल्ह्यातल्या किती विहिरींत दोराला धरून उतरलो त्याची मोजदाद नाही. तुमच्या नळ्या न बघता ओळखतो. त्या अळ्या नाहीत, बुडबुडे आहेत. तापलेला लाव्हा ओलसर जमिनीवरून पसरला की त्याच्या तळाशी वाफ आणि वायू कोंडतात आणि वर चढायला बघतात. वर चढता चढता लाव्हा पुढे सरकत असतो, म्हणून वाट वाकडी होते. लाव्हा थिजला की पोकळ नळी उरते. पुढे लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपतं आणि पांढरी गारेसारखी खनिजं नळी भरून टाकतात. त्याच खनिजांचे मोठे झुबके सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे ठेवलेत, मुलीला घेऊन जा. सगळ्या नळ्या एकाच बाजूला वाकल्यात ना? लाव्हा त्या बाजूला वाहत होता. अळ्यांनी इतकी शिस्त कधी पाळली असती?

नेच्याचं पानही पान नाही. खडकाच्या बारीक फटीत मँगनीज आणि लोखंडाचं पाणी शिरतं आणि सुकताना अशी फांद्याफांद्यांची नक्षी काढतं. भिंग घेऊन बघा. पानाला मधली शीर असते, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पानं असतात. तुमच्या नक्षीत फांदी वाटेल तिथून फुटलेली दिसेल. मी नोकरीला लागलो त्या वर्षी असाच एक दगड रुमालात गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. साहेब काही बोलले नाहीत. कपाट उघडून तसलेच सात दगड दाखवले, सगळे नव्या पोरांनी आणलेले.

आता डायनासोर नाक्यावर का अडले ते. प्राण्याचं हाड टिकायचं तर मेल्यावर ते लवकर पुरलं गेलं पाहिजे, आणि तेही गाळात: नदीच्या, तळ्याच्या, समुद्राच्या. नाशिकचा डोंगर गाळाचा नाहीच. ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी कोरलीत तो डोंगर, साल्हेर, सगळं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं, एकावर एक रचलेल्या थरांचं. भूगर्भवाल्यांच्या वहीत तर आपल्या इगतपुरीच्या नावानं लाव्हाच्या थरांचा एक अख्खा गट आहे. त्या काळात इथे कुणी चरत नव्हतं असं नाही. त्यांची नोंद राहायला हवा तसा कागद इथे नव्हता, एवढंच.

लाव्हात कधीच काही मिळत नाही असंही नाही हं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९३५ मध्ये लाव्हाच्या खडकात एक पोकळी सापडली. आत शिरून बघितलं तर आकार फुगलेल्या गेंड्याचा! मेलेला गेंडा पाण्यात पडलेला असताना लाव्हा आला, पाण्यामुळे भोवतीनं पटकन थिजला आणि साचा तयार झाला. थोडी हाडं आणि दातही मिळाले. पण असला योग करोडोंत एक.

लाव्हाचे दोन लोंढे येऊन गेले की मध्ये मात्र शांततेचा काळ असे. तळी साचत, झाडं उगवत, मग पुढचा लोंढा ते सगळं झाकून टाकी. अशा मधल्या गाळात मुंबईला वरळीच्या टेकडीत बेडकांचे सांगाडे मिळाले. नखाएवढी हाडं, पण बेडूक म्हणून ओळखू येणारी. १८४७ मध्ये इंग्लंडचा प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यानं त्यांना नाव दिलं. नागपूरजवळ टाकळीला गोड्या पाण्यातल्या गोगलगाई मिळाल्या. आपल्याकडे लोंढे भराभर आले म्हणा किंवा तळी साचली नाहीत म्हणा, मधल्या काळाची खूण म्हणून बहुतेक ठिकाणी नुसता तांबडा थर दिसतो. जुन्या जमिनीवर नवा लाव्हा आला आणि ती विटेसारखी भाजली. खोदणाऱ्यांना तो बरोबर माहीत असतो.

म्हणून तुम्हाला एक विचारतो. नळ्यांचा दगड किती फुटांवर निघाला? त्याच्या खाली लगेच तांबडं लागलं का? हे लिहून ठेवलं नसेल तर निम्मा दगड हरवला असं समजा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जेवण झाल्यावर लिहितो.

विहीरमास्तर

हं, बसलो.

"बघायला कोण होतं?" हा प्रश्न मला शेतकरी रोज विचारायचे, फक्त पाण्याबद्दल. "साहेब, जमिनीच्या आतलं तुम्हाला कसं दिसतं?" मला दिसत नव्हतंच. पण शेजारच्या तीन विहिरींच्या नोंदी माझ्याकडे असायच्या. पहिलीत वीस फूट मुरूम, मग काळा पाषाण, मग तांबडं, मग मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या भोकांचा खडक. दुसरीत तोच क्रम, फक्त सहा फूट खाली. तिसरीतही तोच. मग चौथ्याच्या रानात उभं राहून मी सांगायचो, अमुक फुटांवर तांबडं लागेल. चुकायचोही, पण तांबडं मांजऱ्याच्या जागी आणि मांजऱ्या तांबड्याच्या जागी असा उलटा क्रम त्या तीन विहिरींत कधी निघाला नाही.

इंग्लंडात विल्यम स्मिथ नावाच्या माणसानं हेच केलं, दोनशे वर्षांपूर्वी. लोहाराचा पोरगा, शिक्षण जेमतेम. कोळशाच्या खाणी आणि मालवाहतुकीच्या कालव्याची मोजणी करायचा. त्याची अडचण माझ्यासारखीच: वाळूचा खडक इथलाही पिवळा, तिथलाही पिवळा, थर कोणता ते ओळखायचं कसं? त्याच्या लक्षात आलं की रंग फसवतो, शिंपले फसवत नाहीत. प्रत्येक थरात शिंपल्यांचा ठरावीक मेळा असतो, आणि मेळ्यांचा क्रम गावोगाव तोच. १८१५ मध्ये त्यानं त्यावरून इंग्लंड-वेल्सचा नकाशा छापला आणि चार वर्षांनी कर्जापायी तुरुंगात गेला. उत्क्रांती वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हती. त्याला कालवा खणायचा होता. म्हणून मला त्या माणसाची साक्ष भारी वाटते: क्रम आधी सापडला, त्याचं कारण लोकांना नंतर उमगलं.

पुढे सगळ्या जगातल्या थरांच्या नोंदी जुळल्या. अगदी तळाशी अब्जावधी वर्षांच्या खडकांत नुसते सूक्ष्मजीव. साधारण ५७ कोटी वर्षांच्या आसपास मऊ, बिनहाडाचे, गोधडीसारखे चपटे जीव. ५४ कोटींच्या अलीकडे एकदम कवचं, पाय, डोळे. नंतर मासे, मग चार पायांचे, आणि पुढचं तुमच्या मुलीला पाठ आहेच. माशाच्याही आधीच्या थरात ससा, असा एक तरी दगड दाखवा म्हणून लोक केव्हापासून बसलेत. अजून कुणी आणला नाही.

गंगाघाट, तुमच्या कार्बनचं सांगतो. कार्बन १४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. पन्नास हजार वर्षांच्या पुढे मोजण्यासारखं काही उरत नाही. डायनासोरला तो लावणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर उसाची गाडी चढवणं. जुन्या काळासाठी ज्वालामुखीच्या राखेच्या थरातले झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण घेतात. त्यांच्यात युरेनियम असतं, त्याचं अतिशय सावकाश शिसं होत जातं. दोघांचं प्रमाण मोजलं की राख कधी पडली ते कळतं. हाडाच्या वर एक राखेचा थर आणि खाली एक मिळाला की हाड त्या दोन तारखांच्या मधलं. सह्याद्रीच्या लाव्हाच्या तारखाही काही प्रमाणात अशाच मिळाल्या, आपल्या त्या तांबड्या थरांतल्या झिरकॉनवरून. ज्याला मी एकतीस वर्षं "पाणी न देणारा थर" म्हणून नाक मुरडलं, त्यातच घड्याळ होतं!

तुमच्या अंड्याबद्दल काय बोलू? विकणाऱ्यानं कुठल्या गावचं, कुठल्या थरातलं ते सांगितलं का? नसेल तर गोल दगड आहे असं धरून चाला. दिसतो छान, कपाटात असू द्या.

तांबटआळी

मास्तर, मी एरवी इथे फक्त वाचते. आमच्या देवघरात आजेसासूबाईंचा शाळिग्राम आहे. सासऱ्यांचे काका मुक्तिनाथहून घेऊन आले होते. काळा, गुळगुळीत, एका बाजूला भोक आणि आत चक्र. दर तुळशीच्या लग्नाला तोच नवरदेव. लेकानं मोबाइलवर बघून सांगितलं की हा समुद्रातला प्राणी आहे. सासूबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. खरं काय?

विहीरमास्तर

ताई, लेक बरोबर आहे आणि सासूबाईंनाही काही सोडायची गरज नाही. आमच्याकडेही तुळशीच्या लग्नाला शाळिग्रामच असतो, अंतरपाट मीच धरतो.

चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या प्राण्याचं शंखासारखं घर. प्राणी म्हाकुळाच्या नात्यातला. गंडकीच्या वरच्या खोऱ्यात ज्युरासिक काळातला काळा चिखलाचा खडक आहे, त्यातले गोटे फुटून नदीत येतात आणि घासून गुळगुळीत होतात. त्या घराच्या आत ओळीनं खोल्या असायच्या. वाढता वाढता तो मागची खोली बंद करून पुढच्या खोलीत राहायला जायचा.

हिमालयात चार हजार मीटरवर समुद्राचा प्राणी आला कसा? भारत आणि आशिया यांच्या मध्ये तेव्हा समुद्र होता. भारत सरकत सरकत जाऊन धडकला आणि त्या समुद्राचा तळ उचलला गेला. तुमचं देवघर त्याचा पुरावा बाळगून आहे.

आणि नाशिकपुरतं एक सांगतो, मला स्वतःला हे फार आवडतं. तुमचा शाळिग्राम आपल्या डोंगरांच्या दुपटीहून जुना. अमोनाइटचं कूळ चांगलं ३० कोटी वर्षांवर टिकलं. कवचावरची नक्षी झपाट्यानं बदलत गेली, म्हणून नुसता तुकडा बघून जाणकार थराचा काळ सांगतात. आणि हे कूळ संपलं कधी? ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोरांबरोबर. तेव्हाच मेक्सिकोच्या किनाऱ्यावर मोठी उल्का आदळली, आणि तेव्हाच इकडे आपला लाव्हा ओतला जात होता. उल्केचा दोष किती आणि लाव्हाचा किती यावर अजून भांडणं चालू आहेत. माझा कल उल्केकडे आहे, पण संशयितांच्या यादीत ब्रह्मगिरी आहे एवढं खरं.

शंकेखोर

सगळं छान. पण मधले दुवे कुठे आहेत? मासा दाखवतात, बेडूक दाखवतात. अर्धा मासा-अर्धा बेडूक दाखवा की. नाहीतर हे सगळं गोष्ट रचल्यासारखं वाटतं.

विहीरमास्तर

दाखवतो. आणि नुसता सापडला म्हणून नाही, जागा आधी सांगून काढलेला.

अमेरिकेतल्या नील शुबिन आणि त्याच्या जोडीदारांनी असा विचार केला: ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत नुसते मासे आहेत, ३६ कोटींच्या सुमारास चार पायांचे आहेत. मग मधला असला तर साडेसदतीस कोटींच्या थरात, आणि तोही उथळ नदीच्या गाळात. असा खडक उघडा कुठे आहे? कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर. १९९९ पासून फेऱ्या केल्या, मोसम काय तर थोडे आठवडे, त्यातही बर्फ. २००४ मध्ये टिक्टालिक मिळाला. अंगावर खवले, हातांच्या जागी पर. पण मान धडापासून सुटी, माशाला नसते तशी, आणि पराच्या आत खांदा, कोपर, मनगट अशी हाडं. मी चौथ्याच्या रानात पाणी सांगायचो ती हीच पद्धत, फक्त त्यांची विहीर बर्फात होती.

आपल्या देशातला दुवा तर आणखी गमतीचा. ए. रंगा राव नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ होते. त्यांनी जम्मूत राजौरीकडच्या कालाकोटहून हाडांचे दगड गोळा केले आणि ते फोडायचे राहूनच गेले. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नीनं ते दगड अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ थेविसन यांना दिले. तिथे साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्या हाडाची एक कड जाडजूड होती. तशी कड देवमाशाच्या कानात असते. प्राणी किती मोठा? मांजराएवढा, हरणासारख्या बारीक पायांचा, ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव इंडोह्यूस, देवमाशाशी त्याचं नातं २००७ मध्ये जगापुढे आलं. देवमाशाचे जमिनीवरचे चुलते असे दिसायचे. खोक्यांवर कालाकोटचं नाव लिहिलेलं नसतं तर त्या कवटीचं मोल चार आणेही राहिलं नसतं.

नुसती हाडंच नव्हेत, शेणसुद्धा बोलतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा गाव आहे. तिथे डायनासोरचं दगड झालेलं शेण मिळतं. २००५ मध्ये त्यात गवताचे कण ओळखले. गवताचं पातं बोट कापतं ना, ते त्यातल्या बारीक गारेच्या कणांमुळे. पोटातून गेले, कोट्यवधी वर्षं पडून राहिले, तरी ते कण शाबूत. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच असं पुस्तकात होतं. एका शेणाच्या गोळ्यानं पान बदललं.

द्राक्षबागवाला

मुलीनं सगळं दोनदा वाचलं. सरांनाही दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, लेबल बदल. पण तिचा एक हट्ट आहे: नाशिक जिल्ह्यातला एक तरी खरा जीवाश्म सांगा, नाहीतर गुजरातवाल्या मावसभावाला तोंड दाखवता येणार नाही.

आणि मास्तर, भावानं विहिरीवाल्याला फोन करून विचारलं. नळ्यांचा दगड शेहेचाळीस फुटांच्या आसपासचा. त्याच्या खाली हातभर तांबडं लागलं होतं! तो म्हणाला, "तुमच्या त्या साहेबानं बघितल्याशिवाय कसं सांगितलं?"

विहीरमास्तर

बघितलंत! नळ्या लोंढ्याच्या तळाशी होतात, आणि तळाखाली जुनी जमीन बहुतेकदा भाजलेली असते. तिला लेबल असं लिहायला सांगा: "लाव्हातल्या वायूच्या नळ्या, मोहाडी, विहीर, खोली ४६ फूट, तांबड्या थराच्या लगेच वर." बक्षीस मिळो न मिळो, हा नमुना आता पुरा झाला.

मावसभावासाठी: नांदूर मध्यमेश्वरला चला. आपण तिथे पक्षी बघायला जातो, पण त्याच गोदावरीच्या जुन्या गाळात प्राचीन हत्तीची कवटी मिळाली होती. १९०५ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी त्यावर लिहिलं. सरळ सुळ्यांचा, आजच्या हत्तीपेक्षा दांडगा, जमिनीवरच्या सगळ्यात मोठ्या सस्तन प्राण्यांत मोडणारा. डोंगर लाव्हाचा असला तरी नदीनं नंतर स्वतःचा गाळ आणलाच ना! शिवाय हीच गोदावरी पुढे सिरोंच्याला प्राणहितेला भेटते, त्या खोऱ्यात ज्युरासिक काळातला बारापासॉरस नावाचा डायनासोर मिळाला. पायाचं हाड माणसाएवढं. १९६१ मध्ये हाडं काढायला सुरुवात झाली, ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं, म्हणून जातीला टागोरांचं नाव. सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आपली नदी त्र्यंबकला जन्मते आणि डायनासोरांच्या गावावरून जाते, म्हणावं मावसभावाला.

रविवारी मी नांदूरलाच असेन. दुर्बीण आणा, काठावर उतरून गाळाचे थर दाखवतो. काही दिसलं तर उचलायचं नाही, आधी फोटो आणि जागा.

आणि ते हातभर तांबडं विहिरीत उघडंच असेल तर पावसाआधी तेवढा पट्टा बांधून घ्या. ते पाणी प्यालं की फुगतं आणि ढासळतं, मग वरचा फत्तर नळ्यांसकट खाली येईल.